सुकाणूवरचा घरजावई

भांड्यांच्या जाळीतून एक चमचा घसरला आणि सिंकमध्ये खणकन वाजला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाकलेली ती जागच्या जागी थिजली. उजव्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात चिमट्यात धरलेली वायर आणि कान सगळे आतल्या खोलीकडे. आत तिची पाच वर्षांची लेक झोपली होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण दिसेल ती बारीक वस्तू उचलून ती आपल्या वारुळात, म्हणजे पलंगाखाली, नेऊन ठेवी. आतून एक सुस्कारा आला, कूस बदलल्याची सळसळ आली, आणि मग काही नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

दुपारची झोप सव्वा तासाची. त्यातली वीस मिनिटं आवराआवरीत गेली होती, म्हणजे हातात उरली पंचावन्न. एवढ्या वेळात चार ट्रान्झिस्टर जागेवर बसवायचे होते. आदल्या दिवशी बसवलेले चार तिने स्वतःच जाळले होते. मोटर उजवीकडे फिरवायची तर त्यातले दोन उघडायचे, डावीकडे फिरवायची तर दुसरे दोन. चुकून एकाच बाजूचे दोन्ही एकदम उघडले, तर बॅटरीचा करंट मोटरकडे न जाता त्यांच्यातूनच धावत सुटतो. काल नेमकं तेच झालं होतं. फट् असा आवाज, धुराची एक निळसर रेघ, आणि बाहेरच्या खोलीतून मुंगीचा शांत निवाडा, की आई, तुझं काहीतरी करपलं.

आज तिने प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली होती. एक जोडी पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, मध्ये क्षणभर थांबायचं. दोन जावांना एकाच वेळी स्वयंपाकघरात सोडायचं नाही, इतकं साधं.

हा सगळा खटाटोप बाबांच्या होडीसाठी चालला होता. बाबा खाडीच्या तोंडापलीकडे खेकड्यांचे पिंजरे टाकत. चाळीस वर्षं ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे काका, दोघं मिळून जात. काका सुकाणूचा दांडा धरून होडीचं तोंड लाटेला लावून ठेवायचे आणि बाबा दोन्ही हातांनी दोर ओढून पिंजरा वर घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी काकांचे गुडघे गेले आणि ते मुलाकडे राहायला गेले. मग बाबा एकटेच. दांडा एका हाताने, दोर दुसऱ्या हाताने. त्यात उजवा खांदा असा धरला की सदरा घालायलाही तिच्या आईला हाक मारावी लागे. एक दिवस त्यांची बाही वर चढवता चढवता आईने सांगून टाकलं, की होडीवर दुसरा माणूस नसेल तर होडी पाण्यात जाणार नाही. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. इंजिनाची चावी उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

दुसरा माणूस मिळेना. जे तरुण होते ते मोठ्या बोटींवर गेले होते, आणि जे धक्क्यावर उरले होते त्यांचे खांदे बाबांच्याच वयाचे होते. बाबा धक्क्याच्या भिंतीशी बसून पिंजऱ्यांच्या जाळ्या शिवत राहिले. सगळ्या शिवून झाल्या तेव्हा त्यांनी दोन चांगल्या जाळ्या उसवल्या आणि पुन्हा शिवायला घेतल्या. ते तिने पाहिलं. घरी येऊन रात्रीच्या भाजीला कांदा चिरताना तिने नवऱ्याला सांगितलं, की दुसरा माणूस मी बनवणार आहे.

आणि हे ती उगाच बोलली नव्हती. आठवड्यातले चार दिवस ती सकाळच्या पाळीत लिफ्ट दुरुस्तीला जात असे. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढणं आणि बिघडलेल्या मोटरला वळणावर आणणं हा तिचा रोजचा धंदा. सुकाणू सांभाळणारी तयार यंत्रं बाजारात मिळत होती, पण ती दांड्याऐवजी चाकाने वळणाऱ्या, पांढऱ्याशुभ्र हौशी बोटींसाठी, आणि बंद डब्यात, सील लावून. धंद्याने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. जे उघडता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही, आणि खाऱ्या पाण्यात दुरुस्तीशिवाय काही टिकत नाही.

नवरा बस चालवायचा. डेपोत मोडीत निघालेल्या एका बसची वायपरची मोटर त्याने साहेबांना विचारून आणली. दणकट, जड, ग्रीसने माखलेली. बाबा रविवारी जेवायला आले तेव्हा मोटर टेबलाच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर बसली होती.

"पाऊस पुसायचं यंत्र माझी होडी चालवणार?" बाबांनी मोटरकडे तिरप्या नजरेने पाहिलं. "दिवसभर बॅटरी खाणार आणि एका जागी बसून राहणार. हा तर घरजावई झाला."

खरा जावई समोरच बसून जेवत होता. त्याने घास हातात तसाच धरून विचारलं, की हे नक्की कुणाला उद्देशून होतं. बाबा म्हणाले, तुम्ही जेवा. पण नाव पडलं ते पडलंच. त्या दिवसापासून यंत्राला घरात कुणी यंत्र म्हटलं नाही.

घरजावयाची पहिली परीक्षा स्वयंपाकघरातच झाली. मोटर टेबलाला शिकंज्याने आवळली, तिच्या दांड्याला सुकाणू म्हणून लाटणं बांधलं, आणि होकायंत्राची चिप एका साबणाच्या डबीत बसवून ती डबी मुंगीच्या हातात दिली. मुंगी होडी झाली. तिने डबी पोटाशी धरून डावीकडे वळायचं आणि लाटण्याने तिला परत सरळ आणायच्या दिशेला फिरायचं, असं ठरलं. मुंगी डावीकडे वळली. लाटणं भलत्याच बाजूला गेलं, होडीला आणखी डावीकडे ढकलायला, आणि जाता जाता मिठाची बरणी घेऊन गेलं.

बाबा त्या वेळी दारात उभे होते. त्यांनी मुंगीला हळूच सांगितलं की बुडाली बरं का तुझी होडी. मुंगी लगेच फरशीवर आडवी झाली.

दोन वायरींची अदलाबदल केल्यावर दिशा सुधारली, पण दुसराच त्रास सुरू झाला. लाटणं थांबेना. डबी स्थिर असली तरी ते इकडे तिकडे थरथरत राही. अर्धा अंश फरक पडला की उत्तर, पाव अंश पडला की उत्तर. मोटर तापायला लागली. ती हनुवटीला हात लावून बराच वेळ त्या थरथरत्या लाटण्याकडे पाहत बसली, आणि तिला हसू आलं. मुंगी जन्मली त्या पहिल्या महिन्यात ती स्वतः अशीच होती. पाळण्यातून नुसता श्वास बदलला तरी ताडकन उठायची. नीट झोपही नाही आणि बाळाचं काही भलंही नाही. हळूहळू कळलं, की प्रत्येक कुरबुरीला धावून जायचं नसतं. रडणं कुठलं आणि चुळबुळ कुठली हे ओळखता आलं की दोघींचंही बरं चालतं. तिने प्रोग्राम उघडला आणि लिहिलं, की चार अंशांपर्यंतचा फरक म्हणजे चुळबुळ. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

लाटणं शांत झालं. मुंगी मुद्दाम थोडी डुलली, लाटणं हललं नाही. ती चांगली गर्रकन वळली, तेव्हा ते समजूतदारपणे तिच्यामागे निघालं.

पुढच्या शनिवारी सकाळी चावी मिळाली, ती अटी घालून. खाडीच्या तोंडाबाहेर जायचं नाही, जेवायच्या वेळेला परत. तिने होडीच्या मागच्या फळीवर मोटर पक्की केली, सायकलच्या साखळीने ती दांड्याला जोडली आणि मध्ये एक पिन ठेवली. पिन ओढली की दांडा पुन्हा माणसाच्या हातात. होडीचं नाक समोरच्या लाल खांबावर धरून तिने बटण दाबलं.

साखळी ताणली गेली, दांडा जरासा हलला, होडी सरळ निघाली. आणि चार मिनिटांत फ्यूज गेला.

दुसरा फ्यूज घातला. तो तीन मिनिटं टिकला.

"रुसला," बाबा म्हणाले. "मानपान नीट झाला नसेल."

 तिला वाद घालायला माणूस नको होता, आकडा हवा होता. तिसरा फ्यूज घालून ती मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या छोट्या पडद्याकडे बघत बसली. मोटरला दोन-तीन अँपिअर पुरायला हवे होते, तेवढेच घेतही होती. मग अचानक सहा, आठ, नऊ. मग पुन्हा तीन. ती नजर न हलवता मोजत राहिली आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. आकडा लाट आल्यावर चढत नव्हता. लाट यायच्या क्षणभर आधी चढत होता.

मोटरला डोळे नाहीत. समोरून लाट येतेय हे तिला आधी कळणार कसं?

तिने मान वर केली. बाबा सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात खिशात घालून सज्जनासारखे उभे होते. नजर पुढे पाण्यावर. आणि डावी कंबर दांड्याला टेकलेली. समोर लाट फुगली तशी ती कंबर आपसूक अर्धा इंच सरकली, दांड्याला रेटा देत. खाली बिचारी मोटर दुसऱ्या बाजूला ओढत होती.

"बाबा, तुमची कंबर."

"काय झालं कंबरेला? दुखतो तो खांदा."

"ती होडी चालवतेय."

बाबांनी खाली पाहिलं. स्वतःच्या कंबरेकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती शेजाऱ्याची होती. चाळीस वर्षं दांडा काकांच्या हातात असे आणि बाबा त्याच्या शेजारी उभे राहून दोर ओढत. म्हणजे काकांच्या हाताला बाबांच्या कंबरेची साथ होती, आणि हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. त्यांना ते पटायला वेळ लागला. आपण टेकलोच नव्हतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना पुन्हा टेकले. शेवटी ते स्वतःच हसायला लागले.

तिने त्यांना पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी, जाऊन बसायला सांगितलं. त्यांनी कुरकुर केली, पुढे पोरंटोरं बसतात म्हणाले, पण गेले. होडीने एक लाट घेतली, नाक थोडं वळलं, दांडा शांतपणे हलला, नाक परत आलं. पुढची लाट. पुन्हा तेच. तीन अँपिअर, दोन, तीन. फ्यूज गेला नाही. दहा मिनिटं गेली. बाबा पाठमोरे बसले होते, हात गुडघ्यांवर, काही न करता. त्यांना काही न करताना तिने होडीत कधी पाहिलं नव्हतं.

"इथून पाणी वेगळंच दिसतं गं," ते मागे न बघता म्हणाले.

खरी परीक्षा त्यानंतरच्या रविवारी होती, कारण परीक्षक आई होती. चावी कायमची परत द्यायची की नाही हे तीच ठरवणार होती. मुंगीला तिच्या बापाकडे ठेवून तिघं निघाले. आई लाइफ जॅकेट घालून मधल्या फळीवर बसली, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी. वारा बरा होता, पाणी जरा उसळतं होतं. लेकीला ते आवडलंच. सपाट पाण्यात कुणीही सरळ जातं.

घरजावयाने त्या दिवशी नाव काढलं. होडी दीपस्तंभाकडे दोरी आखल्यासारखी गेली. पिंजऱ्याची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाजवळ तिने इंजिन हळू केलं, घरजावयाने होडीचं तोंड लाटेला धरून ठेवलं, आणि बाबांनी दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हातांनी दोर ओढला. पिंजरा वर आला. बाबांचा चेहरा लग्नाच्या फोटोत होता तसा दिसायला लागला. ती आईला पडद्यावरचे आकडे दाखवत होती, चार अंशांचं सांगत होती, मोटर तापत नाही बघ म्हणून आईचा हात धरून मोटरवर ठेवत होती. आईने आकड्यांकडे एकदाही पाहिलं नाही. ती बाबांकडे बघत होती. ते कडेला किती वाकतात, पाय कुठे ठेवतात.

"हे इथून पाण्यात पडले तर?" आईने विचारलं.

मग तिने हात लांब केला, बाबांच्या डोक्यावरची निळी टोपी काढली आणि मागे पाण्यात टाकली.

बाबा आ वासून बघत राहिले. होडी मात्र पुढे चालली होती. सरळ, शहाण्यासारखी, जराही न चुकता. टोपी मागे लाटेवर एकदा दिसली, मग खोलगटात गेली, मग पुन्हा दिसली, वाटीएवढी. पुढच्या वेळी बटणाएवढी. घरजावई ठरल्या दिशेला होडी नेत होता. त्याला टोपीचं काय.

फार वर्षांपूर्वी बाबा एकदा एकटे असताना पाण्यात पडले होते. सुटलेल्या दांड्यामुळे होडी गोल फिरून त्यांच्याजवळ आली आणि त्यांनी कड पकडली. हा किस्सा ते रंगवून सांगत, ऐकणारे हसत. आई कधी हसली नव्हती. आता दांडा सुटणारच नव्हता. लेकीने तेवढी सोय नीट करून ठेवली होती.

टोपी शोधायला त्यांना वळून जावं लागलं आणि चांगली सात मिनिटं लागली.  तिला राग आला होता, पण आईचा नाही. लिफ्टचा ब्रेक करंटने लागत नाही, करंटने सुटतो. करंट गेला, वायर तुटली, उंदराने कुरतडली, काहीही झालं तरी ब्रेक आपोआप लागतो. हे तर ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायची. दार उघडं असेल तर लिफ्ट जागची हलता कामा नये, एवढ्यासाठी दर मजल्यावर वेगळा स्विच असतो. आणि आपल्याच बापासाठी यंत्र बनवताना तिने सगळा विचार केला होता, फक्त दार उघडं राहिलं तर काय, हा सोडून.

ओली टोपी बाबांच्या हातात देऊन ती आईला म्हणाली, की आठ दिवस दे.

आईने पर्स उघडली नाही, पण मान डोलावली.

ते आठ दिवस म्हणजे मुंगीच्या पाच दुपारच्या झोपा, कारण दोन दिवस मुंगीला सर्दी झाली आणि ती तिच्या मांडीवरून उतरलीच नाही, आणि एका दुपारी कुणाच्या तरी सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकली. पण आता काय करायचं ते तिला स्वच्छ दिसत होतं, आणि दिसलं की तिचे हात भराभर चालत. बाबांच्या कमरेच्या पट्ट्याला कडीने अडकवलेली एक दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक खुंटी, ती कंट्रोलरच्या डब्यात घट्ट बसलेली. इंजिनात डिझेल सोडणारी झडप त्या खुंटीतून जाणाऱ्या करंटवर उघडी राहणार. माणूस गेला की दोरी गेली, दोरी गेली की खुंटी निघाली, खुंटी निघाली की करंट तुटला आणि इंजिन बंद. त्याच क्षणी घरजावयाने दांडा एका बाजूला पूर्ण वळवायचा आणि तिथेच धरून ठेवायचा, म्हणजे होडी उरल्या वेगात पडलेल्या माणसाकडे तोंड फिरवणार.

"म्हातारपणी गळ्यात दावं आलं," बाबा पट्टा बांधून घेताना म्हणाले.

"दावं लग्नातच आलं होतं," आई म्हणाली. "तुम्हाला आत्ता दिसलं."

चाचणीसाठी पोतं टाकावं असं बाबांचं म्हणणं होतं. तिने ऐकलं नाही. लिफ्ट दुरुस्त केली की पहिली फेरी स्वतः मारायची, हा तिचा नेम होता. खाडीच्या मध्यावर, आई मधल्या फळीवर आणि बाबा नाळेवर असताना, तिने दोरी स्वतःच्या कमरेला अडकवली, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, आणि होडी चांगल्या वेगात असताना मागच्या कडेवरून उडी मारली.

पाणी कानात शिरलं, थंडीने छाती आवळली. वर आली तेव्हा पहिल्यांदा तिने ऐकलं ते इंजिन नव्हतं. नुसता वारा होता. होडी पंधरा-वीस हातांवर तिरकी होऊन तिच्याकडे वळत होती, जड म्हशीने हाक ऐकून मान फिरवावी तशी, आणि मग उभी राहिली. ती आठ-दहा हात मारून कडेला पोचली. बाबांनी डावा हात पुढे केला, आईने दोन्ही.

वर ओढून घेतल्यावर आईने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि केस खसाखसा पुसले, मुंगीचे पुसावेत तसे, जरा जास्तच जोरात. पुसता पुसता ती म्हणाली, "पास."

चावी त्याच दुपारी बाबांच्या हातात आली.

पण काम अजून संपलं नव्हतं. पुढचे तीन दिवस ती कामावर जायच्या आधी बाबांबरोबर तासभर होडीवर गेली, नुसतं बघायला. पहिल्या दिवशी बाबांना नाळेपर्यंत जायचं होतं, दोरी पुरली नाही. त्यांनी खुंटीला धक्का न लावता कमरेची कडी सोडली, होडीच्या आतल्या एका खिळ्याला अडकवली आणि निवांत पुढे गेले. इंजिन चालू. त्यात लबाडी नव्हती. जाळं अडकलं तर सोडवावं, इतक्या सहजपणे त्यांनी ते केलं होतं. लिफ्टच्या दाराच्या स्विचमध्ये काडी खुपसून ठेवणारी माणसं तिने शेकड्याने पाहिली होती. सगळी चांगली माणसं, सगळी घाईत.

तिने दोरी लांब केली. दुसऱ्या दिवशी लांब दोरी पायात आली म्हणून बाबांनी ती पुन्हा खिळ्याला लावली. तेव्हा तिने पक्कड घेतली आणि खिळा उपटला, शेजारचाही उपटला, आणि डोक्यावरून पुढून मागे एक तार ओढून दोरी तिच्यावर सरकत राहील अशी टांगली. तिसऱ्या दिवशी बाबा नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चार वेळा गेले, दोरी त्यांच्याबरोबर सरसर सरकत राहिली, आणि त्यांनी कडीला हात लावला नाही. ती समोर बसलेली होती, हेही खरं. माणूस कडी लावतो की नाही हे ओळखणारं यंत्र तिला बनवता आलं असतं का, याचा तिने विचार केला. कमरेवर असलेली दोरी आणि लाकडावर असलेली दोरी, करंटला दोन्ही सारख्याच.

सोमवारी पहाट सरता सरता बाबा पहिल्यांदा एकटे निघाले. आई धक्क्यावर आली नाही, तिने डबा दिला आणि दार लावून घेतलं. लेक मात्र आली, मुंगीला कडेवर घेऊन, कामाचे बूट घालूनच. धक्क्यावरचे दोघंतिघं म्हातारे भिंतीवर बसले होते. एकाने विचारलं की लिफ्टवाली, तुझी होडी कुठल्या मजल्यावर थांबणार. तिने सांगितलं की दाबाल त्या मजल्यावर, आणि म्हातारे खूश झाले.

बाबांनी इंजिन सुरू केलं, खांबावर नाक धरलं, बटण दाबलं. मग सरळ उभे राहिले. कमरेची कडी दोन बोटांनी धरून त्यांनी ती धक्क्याकडे उंच करून दाखवली, शाळेत नखं कापल्याचं दाखवतात तशी. मुंगीने दोन्ही हात हलवले. होडी निघाली. दांडा आपला आपण हलत होता आणि बाबा त्याच्यापासून दोन पावलं लांब उभे होते, कंबर मोकळी, हात दोरांत गुंतलेले. पिंजरे एकावर एक नीट लावत होते. खांदा जपत, पण दोन्ही हातांनी.

हे तिने केलं होतं. मुंगीच्या दुपारच्या झोपांतून, पंचावन्न पंचावन्न मिनिटांनी. तिला मनातून अगदी पक्कं वाटत होतं की साखळी तुटणार नाही, ट्रान्झिस्टर जळणार नाहीत, खुंटी निघाली की इंजिन बंद पडेल. त्यातला एकेक टाका तिने लावला होता आणि एकेक उलटा तपासला होता.

होडी लाल खांबाच्या पुढे गेली. माणूस आणि पिंजरे एक झाले, मग होडी आणि माणूस एक झाले. तिने मुंगीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मुंगीने तिच्या कानाला गाल लावून बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहिलं.

"आई, आता आपण आजोबांना दिसत नाही ना?"

"नाही गं. खूप लांब गेले ते."

"मग आता दोरी बांधलेली आहे का ते कोण बघतं?"